शक्ती, पापभावना आणि उत्तरदायित्व : नीबूर यांच्या नैतिक वास्तववादाचे मूल्यमापन

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय राजकारणात नीतीला स्थान आहे काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा आदर्शवाद आणि वास्तववाद या दोन टोकांमध्येच होत आली आहे. या दोहोंतून धर्मचिंतनाच्या आधारे वाट काढणारे विचारवंत म्हणून रायनहोल्ड नीबूर (१८९२-१९७१) यांचे महत्त्व आहे. १९१५ ते १९२८ या काळात डेट्रॉइट येथे धर्मोपदेशक असताना त्यांनी मोटार कारखान्यांतील कामगारांचे जीवन जवळून पाहिले. सद्भावनेच्या उपदेशाने सत्ताधारी बदलत नाहीत, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष होता. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी' या ग्रंथात त्यांनी तो सिद्धांतरूपाने मांडला.

सामूहिक अहंकाराचा सिद्धांत

व्यक्ती प्रसंगी स्वार्थत्याग करू शकते. वर्ग, वंश आणि राष्ट्र यांना मात्र ते जवळजवळ अशक्य असते. व्यक्तीची निःस्वार्थ देशभक्तीच राष्ट्राच्या स्वार्थाला बळ पुरविते. म्हणून अन्यायाचा प्रतिकार शक्तीनेच करावा लागतो; परंतु शक्ती वापरणाऱ्याने स्वतःस निष्पाप समजू नये, असे नीबूर बजावतात. ख्रिस्ती धर्मातील पापाच्या संकल्पनेचा त्यांनी राष्ट्राच्या दंभावर अंकुश म्हणून केलेला हा उपयोग हेच त्यांचे मोठे योगदान होय.

तथापि, येथेच त्यांच्या विचाराची मर्यादाही दिसते. पाप अटळ असेल, तर कोणते पाप क्षम्य आणि कोणते अक्षम्य, हे ठरविणारा निकष कोणता? १९४६ मध्ये अमेरिकेतील चर्चसंघाच्या आयोगाने हिरोशिमा व नागासाकीवरील बॉम्बहल्ले नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरविले. त्या अहवालावर नीबूर यांचीही स्वाक्षरी होती. १९५० च्या दुसऱ्या अहवालात मात्र प्रत्युत्तरादाखल अण्वस्त्रवापराची शक्यता मान्य करण्यात आली. त्या आयोगातही ते सहभागी होते. शीतयुद्धाने परिस्थिती पालटली हे खरे. परंतु नम्रतेची भाषा तीच राहून निर्णय बदलू शकतो, हेही त्यातून स्पष्ट होते.

गांधीजींची कृती आणि सुटलेला धागा

या मर्यादेचे उत्तर नीबूर यांच्याच ग्रंथातील एका उदाहरणात सापडते. अहिंसक प्रतिकार हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी भारतातील परदेशी कापडावरील बहिष्काराचा दाखला दिला. बहिष्काराची झळ इंग्लंडमधील गिरणी कामगारांच्या मुलांना पोहोचते, हा त्यांचा आक्षेप तर्कशुद्ध आहे. परंतु सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या काळात, गांधीजी लँकेशायरमधील त्याच कामगारांना भेटावयास गेले होते. बहिष्कार त्यांनी मागे घेतला नाही. भारतातील बेकारी अधिक भीषण आहे, हे त्यांनी त्यांच्या समोर उभे राहून सांगितले. सक्ती करणाऱ्याने तिची झळ सोसणाऱ्यापुढे कारणासह उभे राहणे, हे त्या कृतीचे मर्म होय. नीबूर यांचा कर्ता ईश्वरापुढे अपराधी असतो. पीडितापुढे उत्तरदायी असतोच असे नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. नीबूर हे आपले आवडते विचारवंत असल्याचे बराक ओबामा यांनी २००७ मध्ये सांगितले होते. डिसेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठविण्याचा निर्णय जाहीर करून अवघ्या नऊ दिवसांनी त्यांनी ऑस्लो येथे शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारले. त्या भाषणात गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऋण मान्य करूनही राष्ट्रप्रमुखाला केवळ त्यांच्या उदाहरणांवर विसंबता येत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. भाषणात खेदाची जाणीव होती; परंतु ज्या अफगाण गावांवर त्या युद्धाचा भार पडत होता, त्यांना उत्तर देण्याची गरज त्या मांडणीतून निर्माण होत नव्हती.

निष्कर्ष

गांधीजींच्या हाती राज्यसत्ता नव्हती आणि राष्ट्रप्रमुखाला शत्रूच्या दारी जाता येत नाही, हा आक्षेप उचित आहे. त्यामुळे उत्तरदायित्वाची जबाबदारी संस्थांकडे जाते, ती संपत नाही. नागरी मृत्यूंची प्रामाणिक नोंद, स्वतंत्र चौकशी आणि भरपाई ही तिची किमान रूपे होत. नीबूर यांनी उत्तरायुष्यात व्हिएतनाम युद्धाला विरोध केला. त्यांचा विचार सत्तेचा दास नव्हता, याचे ते प्रमाण होय. मात्र पीडितापुढील उत्तरदायित्वाची जोड नसेल, तर पापाची कबुली हाच सत्तेचा आगाऊ मिळविलेला क्षमापत्र ठरण्याचा धोका राहतो.