पाया कुठनं पडायचं?

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात आमच्या बसच्या वाट्याला वीस मिनिटे आली. गाइडची तयारी चोख होती. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले, १५५४ मध्ये देह गोव्यात आला, चर्चचे बांधकाम १५९४ ते १६०५, समाधीचे संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीचे. सनावळी बरोबर होती. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘‘और ऊपर, चाँदी के बक्से में, ममी!’’

सहलीतल्या एका आजींनी हात जोडून विचारले, ‘‘दादा, पाया कुठनं पडायचं?’’

‘‘आजी, फोटो इकडून चांगला येतो,’’ तो म्हणाला. त्याच्या स्वरात आस्थाच होती.

गाइडचे निवेदन हाही एक अनुवाद असतो, आणि त्याची समीक्षा व्हायला हवी. परधर्मीयांचे श्रद्धास्थान बहुतेकांना त्याच्याच शब्दांतून भेटते. ‘ममी’ हा शब्द ऐकणाऱ्याला थेट म्युझियमच्या काचेसमोर उभा करतो. संताच्या पायाचे चुंबन घेताना एका स्त्रीने बोट चावून तोडले, ही आख्यायिकाही गाइडने विनोद म्हणून सांगितली आणि बस हसली. खरे तर ती हावऱ्या भक्तीची गोष्ट आहे. देवाशी भांडणारे, त्याला मिठी मारणारे संत ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना ती समजावून सांगावी लागली नसती.

मराठीत या श्रद्धेसाठी शब्द नव्हते असे नाही. ही वास्तू उभी राहत होती तेव्हा इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स गोव्यातच होते. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले: लिपी रोमन, भाषा मराठी, सुमारे ११ हजार ओव्या. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. ऐकणारा ज्या घरातून आला, त्या घराचे दार त्यांनी ओळखले होते.

मात्र या अनुवादाचे निव्वळ कौतुक करून भागणार नाही. स्टीफन्स ज्या साष्टीत वावरले, तिथली देवळे त्याआधी पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. देऊळ पाडलेल्या माणसाला ‘वैकुंठ’ हा शब्द परत मिळतो, तेव्हा त्यात आपुलकी किती आणि ताबा किती, हे मला अजून वेगळे करता येत नाही. तरीही स्टीफन्सचा शब्द श्रोत्याला भाविक समजतो. ‘ममी’ त्याला गिऱ्हाईक समजते. आजच्या गाइडमागे कोणतीही सत्ता नाही, कुणाचे धर्मांतर करायचे नाही. उदार व्हायला त्याला स्टीफन्सपेक्षा कितीतरी मोकळीक आहे. ‘समाधी’, ‘दर्शन’, ‘नवस’ हे शब्द त्याच्याही तोंडी घरी असतीलच. कामावर येताना ते घरी राहतात.

आजींना मी म्हटले, ‘‘इथूनच पडा.’’ त्यांनी बाकाच्या कडेला हात लावून तो कपाळाशी नेला आणि विचारले, ‘‘ह्यांना काय म्हणायचं?’’

‘‘गोंयचो सायब म्हणतात इथं.’’

‘‘मग हेच सांगायचं की त्यानं आधी,’’ आजी म्हणाल्या.