बेचाळीसची ओळ

८०४३५७५८१४५८१७५१५³ + १२६०२१२३२९७३३५६३१³ − ८०५३८७३८८१२०७५९७४³ = ४२

ही ओळ आधी नुसती बघावी. डावीकडे सतरा-सतरा अंकी तीन संख्या, प्रत्येकीच्या डोक्यावर घनाचा ३. उजवीकडे साताच्या पाढ्यातले ४२. पहिल्या आणि शेवटच्या संख्येचा घन केला तर प्रत्येकी ५१ अंक भरतात. त्यांच्या वजाबाकीत उरते ४९ अंकी राशी, आणि मधल्या संख्येचा घन ती जवळजवळ सगळी फेडून टाकतो. बाकी राहते ४२.

पूर्ण गुणाकार करायला बसायची गरज नाही. शेवटचे दोन-दोन अंक घेऊन पाहा. १५ च्या घनाचे शेवटचे दोन अंक ७५, ३१ च्या घनाचे ९१, ७४ च्या घनाचे २४. ७५ आणि ९१ मिळून १६६, त्यातून २४ गेले की १४२. शेवट ४२! ही काही सिद्धता नव्हे, पण एवढ्याने ओळ आपलीशी वाटू लागते. कोणाच्याही अधिकारावर विसंबावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

प्रश्न साधा आहे: दिलेली संख्या तीन पूर्ण घनांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ऋण संख्याही चालतील. रामानुजनांच्या १७२९ मध्ये असे एक उत्तर दडलेले आहे. ९ आणि १० यांच्या घनांच्या बेरजेतून १२ चा घन वजा केला की १ उरतो. काही संख्यांना मात्र दारच बंद आहे. कोणत्याही घनाला ९ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ८ राहते. त्यामुळे ज्या संख्येची बाकी ४ किंवा ५, ती तीन घनांत कधीच मावत नाही. ४२ ची बाकी ६. दार उघडे आहे, पण फट बारीक: तिन्ही पदांची, चिन्हासकट, बाकी ८ च असली पाहिजे, दुसरी कोणतीही जुळणी चालत नाही. ४२ च्या आधी ज्या ३३ ने लोकांना छळले तिचीही बाकी ६ च. संख्यांचा कंजूषपणा असा बाकीत दिसतो.

१९५५ च्या सुमारास केम्ब्रिजच्या एड्सॅक या संगणकावर मिलर आणि वूलेट यांनी हा शोध सुरू केला. पुढे यंत्रे वेगवान होत गेली, १०० च्या आतल्या संख्यांच्या यादीतली रिकामी घरे भरत गेली. पण सतरा अंकांपर्यंत नुसत्या वेगाने पोचता येत नाही. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अँड्र्यू बुकर यांनी २०१९ मध्ये जी वाट घेतली ती म्हणून नीट पाहावी. पहिल्या आणि शेवटच्या संख्येतला फरक काढा: १०२९८०६६६२५८४५९, पंधरा अंकी. दोन घनांच्या वजाबाकीला त्यांच्या पायांतला फरक नेहमी निःशेष भागतो, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे या फरकाने मधल्या संख्येचा घन उणे ४२ यालाही भाग गेला पाहिजे. बुकरांनी आधी फरक धरला आणि मग मधली संख्या शोधली. फरक ठरला की मधल्या संख्येला मोजक्याच बाक्यांची मुभा उरते, आणि त्या त्या बाकीपासून फरकाएवढ्या ढांगा टाकत जायचे. आपल्या ओळीत मधली संख्या फरकाच्या १२२ पटींहून थोडीशीच मोठी आहे. सतरा अंकांचे रान, आणि योग्य फरक हाती असेल तर ढांगा जेमतेम सव्वाशे! प्रत्येक ढांगेला एकच तपासणी: एक विशिष्ट राशी पूर्ण वर्ग आहे की नाही. ओळीतले तीन आकडे सगळे पाहतात. जो चौथा आकडा तिच्यात लिहिलेलाच नाही, तो मला तिचा खरा प्राण वाटतो.

अर्थात तो योग्य फरक कुठे आहे हे कोणी सांगत नाही. ३३ साठी विद्यापीठाच्या संगणकाला सुमारे तीन आठवडे पुरले. ४२ साठी एमआयटीचे अँड्र्यू सदरलँड बुकरांबरोबर आले, आणि चॅरिटी इंजिन या जाळ्यातून घरोघरच्या रिकाम्या बसलेल्या संगणकांचे १० लाखांहून अधिक तास खर्ची पडले. सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर जाहीर झाले. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत विश्वाच्या कोड्याचे उत्तर ४२ असल्यामुळे वर्तमानपत्रांची चंगळ झाली. मला तो योगायोग ओळीवर चिकटवलेल्या टिकलीसारखा वाटतो. काढली तरी रूप तेच राहते.

इथे भास्कराचार्य आठवतात, ज्यांच्या घराण्याची कीर्ती चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात कोरलेली आहे. एका वर्गाच्या ६१ पटीत १ मिळवून पुन्हा वर्ग यावा, या प्रश्नाचे त्यांनी काढलेले सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. संगणकाशिवाय, बाराव्या शतकात! पण तिथे चक्रवाल पद्धती हात धरून नेते. पायऱ्या चढत राहिलात तर उत्तर येणारच. बेचाळीसला असा जिना कोणाला सापडलेला नाही. दहा लाख तासांनंतर हात रिकामे राहिले असते तरी त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. ही धास्ती ओळीत कुठे दिसत नाही, पण ती ठाऊक असल्याशिवाय ओळीचा आनंद अर्धाच मिळतो.

आणि तरीही माझी अधिक आवडती ओळ दुसरीच आहे. १९५३ मध्ये मॉर्डेल यांनी विचारले होते की १, १, १ आणि ४, ४, −५ यांखेरीज ३ ला आणखी उत्तर आहे का. बुकर आणि सदरलँड यांच्या शोधातून तेही निघाले: ५६९९३६८२१२२१९६२३८०७२०, −५६९९३६८२१११३५६३४९३५०९ आणि −४७२७१५४९३४५३३२७०३२. पहिल्या दोन संख्या एकवीस अंकी, आणि त्यांचे पहिले नऊ अंक हुबेहूब सारखे. एकअंकी उत्तरांनंतर थेट एवढी झेप. यात कसलीही कादंबरी आड येत नाही.

१०० च्या आतली यादी बेचाळीसने पूर्ण केली. त्यापुढे उत्तरावाचून राहिलेली पहिली संख्या ११४. तिला ९ ने भागून पाहा. बाकी ६.