बुर्ज खलिफा : उंची किती कामाची?

दुबईची बुर्ज खलिफा २०१० साली खुली झाली. तिचा ८२८ मीटरचा आकडा मुलांना पाठ असतो. आम्हाला मात्र कौतुक वाटते ते तिच्या आकाराचे. वाऱ्यामुळे उंच इमारतीच्या बाजूंना आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती डोलू लागते. वास्तुविशारद एड्रियन स्मिथ आणि अभियंते बिल बेकर यांनी तिचे तीन पंख वर जाताना टप्प्याटप्प्याने आखूड केले. त्यामुळे भोवऱ्यांना एक ताल सापडत नाही. परंतु शेवटच्या वापरातल्या मजल्यावरचे सुमारे २४४ मीटर, म्हणजे तीन कुतुबमिनारांहून अधिक उंची, मुख्यतः विक्रमाच्याच कामाची! वर्गात ८२८ लिहिल्यावर त्यातून २४४ वजा करायला सांगावे आणि मग चर्चा करावी.