कोर्टाला सुट्टी लागल्यावर

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधले (२०१४) न्यायाधीश सदावर्ते सहसा आवाज चढवत नाहीत. हातोडा आपटणं वगैरे हिंदी सिनेमातलं. इथे मुंबईचं सत्र न्यायालय, फायलींचे गठ्ठे आणि एकामागून एक पुकारली जाणारी प्रकरणं. प्रदीप जोशींनी हा माणूस इतका ओळखीचा केलाय, की आपल्याच सोसायटीचा सेक्रेटरी वाटावा.

लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप आहे, की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. ऐकूनच हसू यावं असा हा आरोप. सदावर्ते हसत नाहीत, चिडतही नाहीत. ते सांगतात, टंकलेखक टाइप करतो. माझं लक्ष दर वेळी तिथेच अडकतं. साक्षीदार अडखळत काहीबाही बोलतो आणि कागदावर उतरतं ते सदावर्त्यांचं घडी घातलेलं इंग्रजी वाक्य. न्यायाधीशाचा स्वभाव आपण निकालपत्रात शोधतो. या सिनेमात तर निकाल लागतच नाही. जे काही कळतं ते या डिक्टेशनमधून, आणि तारखांमधून.

एक बाई बिनबाह्यांचा कपडा घालून येते. कोर्टाचा पोशाखाचा नियम आहे, म्हणून त्या दिवशी तिचं प्रकरण ऐकलंच जात नाही. कॅमेरा जागचा हलत नाही, तिच्या चेहऱ्याजवळही जात नाही. पहिल्यांदा पाहताना मी हसलो होतो. दुसऱ्यांदा मात्र लक्षात आलं, सदावर्त्यांना यात आपण काही ठरवलंय असं वाटतच नाही, नियमाने ठरवलं.

शेवटी उन्हाळी सुट्टी लागते. आजारी कांबळे तुरुंगातच. जामिनासाठी हायकोर्टात जा म्हणे. दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. इथे थांबला असता तरी सिनेमा चांगलाच ठरला असता. पण ताम्हाणे आपल्याला सदावर्त्यांच्या सहलीला नेतो. बस, सगळा गोतावळा, रिसॉर्ट. कुणाचं तरी मूल बोलत नाही, तर साहेबांचा सल्ला अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा. इथेही त्यांचं ऐकून घेतलं जातं, साहेबच ते.

मग बाकावर डुलकी. पोरं दबकत येतात, एकदम ओरडतात, पळतात. सदावर्ते दचकून उठतात आणि एका पोराच्या थोबाडीत बसते. कोण ओरडलं, कुणी काही विचारत नाही. पोरगं रडत राहतं. सदावर्ते पुन्हा डोळे मिटून घेतात.