रकाना बापाच्या नावाचा

दिवाळी अंकांतली दत्तक मुलीची कथा आता दोन परिच्छेदांत ओळखू येते. पुण्या-मुंबईचे सुशिक्षित जोडपे, मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे चाललेली औषधे, मग संस्थेतून आणलेली गोड मुलगी. ती कॉलेजात जाईपर्यंत सगळे सुरळीत असते. मग कपाटातल्या फायलीत एक कागद सापडतो. रडारड, अबोला, कुठल्याशा आश्रमापर्यंतचा प्रवास, आणि शेवटच्या पानावर 'तूच माझी खरी आई'. लेखक बदलतात, कागद तोच राहतो. या कथांमधली मुलगी माणूस म्हणून उभीच राहत नाही. आईबापांच्या चांगुलपणाचा दाखला एवढेच तिचे काम. दुःख घेणाऱ्या घराचे, उदारता घेणाऱ्या घराची आणि शेवटचा दिलासाही त्याच घराला.

सोलापूरच्या वाचकाला या कथांची चीड जरा जास्तच यावी. रक्त, नाव आणि घर या तिढ्यावर मराठीत जे सर्वांत निर्भय लेखन झाले, त्यातली तीन पुस्तके याच जिल्ह्याशी नाळ असलेल्यांची आहेत. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), करमाळा तालुक्यातल्या नेर्ल्याचे किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४), आणि पंढरपूरच्या बालकाश्रमात जन्मलेले सुनीलकुमार लवटे यांचे 'खाली जमीन, वर आकाश' (२००६).

'अक्करमाशी'तला फीमाफीच्या अर्जाचा प्रसंग आठवावा. अर्जावर सरपंचाची सही हवी आहे. बाप लिंगायत पाटील. आई मसामाई महार. आणि पोराला लहानाचे मोठे केले ते महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसाने. समोरच्या पोराला कोण म्हणून लिहायचे, हा सरपंचापुढचा पेच आहे. गावातली माणसाची नोंद बाप, जात आणि धर्म यांवर उभी असते. एका शाळकरी मुलाच्या अर्जाने हे तिन्ही खांब एकदम हलतात. यात दडवलेले रहस्य कुठेच नाही. अख्ख्या गावाला सगळे ठाऊक आहे, फक्त ते कागदावर यायला बंदी आहे. दत्तककथेच्या लेखकांनी हे बारकाईने वाचायला हवे. कपाटातला कागद सापडल्याने माणसाची ओळख हरवत नाही. ज्यांच्या हातात शिक्का असतो ते ती नाकारतात.

आणि तो दादा, म्हणजे जमादार. संतामाई या आजीबरोबर राहणारा, हमाली करणारा, पोराशी ना रक्ताचा ना धर्माचा. त्या घरात भूक आहे, दारू आहे, भांडणे आहेत. लिंबाळे कोणालाही देवपण देत नाहीत. तरीही मराठी गद्यात बापपणाचे इतके ठोस चित्र दुसरे शोधावे लागेल. दादाने कुठल्या करारावर सही केली नाही, होमहवन केले नाही, वारस नेमला नाही. त्याने पोर वाढवले. लिंबाळे यांना 'सनातन' कादंबरीसाठी २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, त्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले. पण दादाबद्दल, म्हणजे पालकत्वाच्या या नमुन्याबद्दल, मराठी समीक्षा फारशी बोललेली नाही.

काळे यांचे आजोळ मात्र मायेचे घर नव्हे. आई तमाशात नाचणारी, बापाने पाठ फिरवलेली. आई एका पुरुषाच्या घरी गेली आणि पोर आजोबांकडे राहिले. मुलींच्या नाचाच्या कमाईवर जगणाऱ्या त्या घरात रक्ताचे नाते होते आणि तेच नाते पोराला राबवत होते. रक्त म्हणजे माया, हे समीकरण हे पुस्तक पानोपानी खोडून काढते. नेर्ल्याचे ते पोर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि आपल्या नावात त्याने बापाच्या जागी आईचे नाव घातले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते तीस वर्षे आधीच छापले गेले होते. हे पाहायला काळे राहिले नाहीत; २००७ मध्ये अपघातात ते गेले.

लवटे यांच्या पुस्तकामागे तर दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे आणि कोणी काही विचारू नये, अशी ती सोय. तिथे जन्मलेले लवटे हिंदीचे प्राध्यापक झाले आणि वि. स. खांडेकरांच्या असंकलित लेखनाचे संपादक. खांडेकर स्वतः दत्तक गेलेले. गणेश आत्माराम होते, ते विष्णू सखाराम झाले. ते घराण्यातल्या घराण्यात, चुलत्याकडे गेलेले दत्तक होते. आश्रमातल्या मुलाला असे घराणे नव्हते. एकत्र वाढलेली मुले आणि सांभाळणाऱ्या बायका हेच त्याचे गणगोत, आणि लवटे ते कोणाच्या दयेची याचना न करता मांडतात.

या तिन्ही पुस्तकांना समीक्षेने वेगवेगळ्या फडताळांत ठेवले. एक दलित आत्मकथन, दुसरे भटक्या-विमुक्तांचे, तिसरे समाजकार्याचे. 'कुटुंबाची कादंबरी' ही पाटी पांढरपेशा घरांसाठी राखून ठेवली. हा केवळ वर्गीकरणाचा गोंधळ नाही. कुटुंब म्हणजे काय हे ठरवण्याचा हक्क कोणाला, याचा तो निवाडा आहे, आणि तो चुकीचा आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. नेमाड्यांच्या 'हिंदू'त घराण्याचा विस्तार अफाट, पण प्रश्न शेवटी वारसाचाच. रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत'ने कुळाच्या शुद्धतेची मिजास उतरवली, हे मोठे काम; तरी त्याचा आराखडा वंशावळीचाच. कविसंमेलनांत टाळ्या घेणाऱ्या 'आई'च्या कवितांची दखल घेण्याचे कारण नाही.

कवितेत नारायण सुर्वे यांच्यापुढे कोणी गेले का? मुंबईत एका गिरणीजवळ सापडलेले हे पोर गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या कामगार दांपत्याने उचलले, आपले नाव दिले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चे. त्या कवितेने कामगारांच्या वस्तीलाच गोत मानले. साठ वर्षांत त्या वाटेवर दुसरे पाऊल पडलेले नाही.

आणि या सगळ्यांत एक व्यक्ती जवळजवळ मुकी आहे. मूल देणारी बाई. जॅकी के या स्कॉटिश कवयित्रीने १९९१ मध्ये पहिल्याच संग्रहात दत्तक मुलगी, वाढवणारी आई आणि जन्म देणारी आई असे तीन आवाज वेगवेगळ्या टाइपांत छापून समोरासमोर उभे केले. ती स्वतः दत्तक. वाढवणाऱ्या आईबापांवर तिचे प्रेम, तरी तिसऱ्या बाईला तिने दाराबाहेर ठेवले नाही. मराठी दत्तककथेत ती बाई शेवटच्या तीन पानांत येते, डोळ्यांना पदर लावते आणि निघून जाते.

आजचा कायदा तिला कथाकारांपेक्षा जास्त जागा देतो. बालकल्याण समितीसमोर मूल सोपवल्याच्या कागदावर सही केल्यानंतर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात ती मूल परत मागू शकते. हे साठ दिवस ती कुठे काढते? द्राक्षाच्या बागेत कामाला जाते? दूध आटण्याच्या गोळ्या कोण आणून देते? घरी काय सांगितलेले असते? यात एक अख्खी कादंबरी आहे आणि ती मराठीत कोणी लिहिलेली दिसत नाही, कारण आपल्या कथेचे घर घेणाऱ्याच्या पत्त्यावर बांधलेले आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की ती बाई बोलत नाही, तिची गोपनीयता असते, मग लेखकाने लिहायचे कशावरून? हा आक्षेप मराठी लेखकाच्या तोंडी शोभत नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांवर जे तोंडसुख घेतले, त्याने पेटून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. तिथे तर फाशीची शिक्षा झालेली बाई होती आणि सगळा छापखाना तिच्या विरोधात होता. ताराबाईंनी तिच्या बाजूने उभे राहायला तिची परवानगी मागितली नाही, पुरावा मागितला नाही, गोड शेवटाची सोय पाहिली नाही. आजच्या कथाकाराकडे कायद्याची कलमे आहेत, संस्थांचे अनुभव आहेत, पंढरपूरच्या आश्रमाचा इतिहास आहे, लवटे यांचे पुस्तक आहे. एवढे हाताशी असूनही तो पुन्हा कपाटच उघडत असेल, तर त्याची कथा परत पाठवण्याचे धैर्य संपादकांनी दाखवावे.