चाल कुणाच्या वहीत?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही. ताल शिकलो तो पुस्तकं चाळून आणि ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून. तरीबी आपल्या गाण्याबद्दल लिहितोय. कार्यकर्ते पोरं तेच तेच प्रश्न विचारतात आणि जाणकार म्हणवणारे हसून टाळतात, म्हणून.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पुस्तिका मिळतात. एखादी उघडून बघा. वर 'चाल' असं लिहून एका सिनेमाच्या गाण्याचं नाव, खाली शब्द. बाकी काही नाही. याला हसू नका. ही गरिबाची स्वरलिपीच आहे. ते गाणं सगळ्यांच्या कानात होतं, त्यामुळे मास्तर न लावता अख्खी वस्ती गाऊ शकली. पण तीस-चाळीस वर्षांनी ते सिनेमाचं गाणं कुणाला आठवत नाही, आणि आपले शब्द कागदावर मुके पडून राहतात. ज्या गाण्यांना स्वतःची चाल होती त्यांची गत तर याहून वाईट. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

पहिला प्रश्न : नोटेशन हे बामणी काम, आपल्याला कशाला?

भातखंड्यांनी (१८६०-१९३६) उस्तादांच्या गळ्यातल्या चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकाच्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. चिन्हं एवढीच. ती एका रात्रीत शिकता येतात. त्या पुस्तकांत जलसा नाही, हलगी नाही, हे खरं. पण त्याचा राग चिन्हांवर कशाला काढायचा? ज्यांना हजारो वर्षं अक्षर शिवू दिलं नाही, त्यांनीच 'लिहायची गरज नाही' म्हणायचं? वामनदादा कर्डकांना (१९२२-२००४) अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि पुढं त्यांनी आयुष्यभर गाणी लिहिली. अक्षर घेतलं म्हणून ते कुणाचे मिंधे झाले नाहीत.

दुसरा प्रश्न : वाचून गाणं येतं का?

नाही येत. मी आपटलोय, म्हणून सांगतो. आमच्या वस्तीत एक आजोबा होते. तरुणपणी जलशात झील धरायचे. दीडेकशे गाणी तोंडपाठ. त्यांचं एक गाणं मी केरव्याच्या आठ मात्रांत मांडलं आणि जयंतीच्या कार्यक्रमात वहीत बघून गायलो. लोक गप्प. आजोबा म्हणाले, "पोरा, तू मोजतुयास. गात न्हाईस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाळी देऊन दाखवलं. मी ओळ समेवरनं, म्हणजे पहिल्या मात्रेवरनं सुरू केली होती. ती उठायची खालीवरनं, पाचव्या मात्रेवर. आणि 'माणूस' हा शब्द येऊन पडायचा समेवर. झीलकरी सातवीला उचलायचे. माझ्या मांडणीत समेवर 'आम्ही बी' आलं होतं आणि 'माणूस' मधेच कुठंतरी सांडला होता. अख्ख्या गाण्याचा अर्थ ज्या शब्दात, तोच बिनवजनाचा. चूक चिन्हांची नव्हती, माझ्या कानाची होती. भातखंड्यांच्या पुस्तकातही कितीतरी चिजा नवव्या मात्रेवरनं उठतात. कागद सांगाडा देतो. मांस माणसाकडनं घ्यावं लागतं.

तिसरा प्रश्न : जोशात म्हणजे जलद का?

आपल्या पथकांची ही मोठी खोड. ताल म्हणजे मात्रांचा हिशेब, लय म्हणजे त्यांची चाल, वेग. केरवा संथही चालतो आणि धावतोही. टाळ्या पडायला लागल्या की आपण लय वाढवतो, आणि तिसऱ्या कडव्यात शब्द नुसते खडखडतात, धोट्याच्या मागावर खटक्यामागं खटका पडतो तसे. जलसा लोकांना सांगायला उभा राहिला होता. मागं बसलेल्या बाईला शब्द कळला नाही तर तो जोश कुणासाठी?

चौथा प्रश्न, आणि तो टोचतो : हलगीला ताल असतो का?

एका संगीत वर्गात मला ऐकवलं, "हलगीला बोल नसतात, तो नुसता गोंगाट." मी वर्ग सोडला, पण प्रश्न घेऊन आलो. हलगीवर एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी. मधला घाव घुमतो, काठावरचा टणक वाजतो, दाबून मारलेला बुजतो. हे तीन वेगळे आवाज झाले. त्यांना तीन अक्षरं द्या, मात्रांत मांडा, की झाले बोल. रूपकात सात मात्रा आणि समच खाली. तिथं शास्त्राला अपवाद चालतो. मग आमच्याच वेळी सोवळं का?

दुसऱ्या बाजूनं आपलेच लोक म्हणतात, हलगी टाका, ती गुलामीची खूण. त्यांचं दुखणं खोटं नाही. गावानं हुकूम करायचा आणि आपण वाजवायचं, वर शिळंपाकं घ्यायचं, हे बापजाद्यांनी भोगलंय. पण गुलामी हुकमात होती, कातड्यात नव्हती. कुणाच्या वरातीपुढं सक्तीनं वाजवणार नाही. आपल्या मोर्चापुढं, आपल्या मर्जीनं वाजवू. आणि वाजवणाऱ्याचं नाव कागदावर लिहू.

आजोबा गेल्या साली गेले. माझ्या वहीत त्यांची चार गाणी आहेत. बाकीची त्यांच्याबरोबर गेली. माझ्या पाळ्या, माझा आळस. दोष कुणाला देऊ?

म्हणून प्रत्येक पथकानं एक वही घाला. गाण्याचे शब्द, कवीचं नाव, कुणाकडनं शिकलो, साल. ठेका किती मात्रांचा, ओळ कितव्या मात्रेवर उठते, सम कोणत्या शब्दावर, झील कुठनं उचलायची. स्वर येत नसतील तर निदान एवढं लिहा. मोबाइलवर आवाज भरा, पण मोबाइल फुटतो. वहीची दुसरी प्रत करून शेजारच्या वस्तीत द्या.

तुमच्या वस्तीतलं म्हातारं माणूस आज संध्याकाळी घरी असेल. जा, बसा त्याच्याजवळ. पेन न्या.

जय भीम.