सोवळे, पाणी आणि धर्मांतर : ‘स्मृतिचित्रे’तील राजकारण

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या आत्मचरित्राची वाखाणणी मराठी समीक्षेने मुख्यतः प्रांजळपणा, विनोद आणि बोलीचा गोडवा यांसाठी केली. ती यथार्थ असली, तरी तिच्यामुळे या संहितेतील राजकीय आशय झाकला गेला. लेखिका ‘साधी’ ठरली, की तिला काही भूमिका असू शकेल हे समीक्षकाच्या ध्यानीमनीही येत नाही.

संहितेचा आरंभच पाहावा. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी होते आणि त्यानंतर वडील नाना सोवळ्याच्या आहारी जातात. घरात मीठ-साखरदेखील धुऊन घेतली जाते. राजसत्तेने दिलेल्या आघाताचा प्रतिसाद राजसत्तेविरुद्ध उमटत नाही. तो उमटतो स्वयंपाकघरात, आणि त्याचा भार वाहतात घरातील बायका-मुली. लक्ष्मीबाईंच्या जातिविषयक विचाराचे मूळ या जाचात शोधावे लागते, पुढे स्वीकारलेल्या धर्मात नव्हे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. अमेरिकन मराठी मिशनच्या या ठाण्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग जातींतून आलेला होता. त्यामुळे कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न तेथे रोजचा होता. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या तर्काने पोहोचल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधील. हा क्रम निर्णायक होय. ‘धर्मांतराने समतादृष्टी आली’ हे मिशनरी सूत्र आणि ‘पतीमागून पत्नी गेली’ हे त्याविरुद्धचे सूत्र, दोन्ही येथे लागू पडत नाहीत. गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) मध्ये धर्मांतराचा विचार असहमतीची कृती म्हणून केला. पंडिता रमाबाईंना तो चपखल लागू पडतो, कारण त्यांचा झगडा चर्चच्या सिद्धान्तांशीही होता. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र असहमती आधी घडते आणि धर्म मागून येतो.

टिळकांची वाट निराळी. धर्माकडून ते राष्ट्राकडे गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. पतीच्या या भूमिकेला ‘राजकीय’ म्हणायचे आणि पत्नीच्या पाणी पिण्याला ‘घरगुती’ म्हणायचे, ही विभागणी समीक्षेचीच आहे. (मराठीत ती अजूनही फारशी कोणाला खटकत नाही.)

तथापि एक उणीव नोंदवणे भाग आहे. ज्यांच्या हातचे पाणी प्यायचे की नाही हा प्रश्न होता, त्या दलित ख्रिस्ती माणसांची दृष्टी या कथनाच्या केंद्राशी येत नाही. मनःपरिवर्तन घडते ते ब्राह्मण स्त्रीचे. आणि हे कथन ग्रंथरूपाने वाचकांपुढे आले तोवर महाडचे तळे (१९२७) आणि लक्ष्मीबाईंच्याच माहेरच्या मुलखातील, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) घडून गेला होता. पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे, या प्रश्नाची जागा पाण्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाने तोवर घेतली होती.